उचित भाष्य : समीक्षेचे स्वातंत्र्य आणि त्याचे मोल

१

साहित्यसमीक्षेचा इतिहास लिहिताना समीक्षकांचे ग्रंथ, नियतकालिके, वाद आणि संप्रदाय यांची दखल घेतली जाते; न्यायालयांची दखल क्वचितच घेतली जाते. साहित्य आणि कायदा यांच्या संबंधाची चर्चा झालीच तर ती अश्लीलतेच्या किंवा राजद्रोहाच्या खटल्यांपाशी येऊन थांबते. त्या खटल्यांत आरोपीच्या पिंजऱ्यात लेखक उभा असतो. वादी लेखक आहे आणि प्रतिवादी समीक्षक आहे, अशा खटल्यांची मात्र एक स्वतंत्र परंपरा इंग्लंडमध्ये आहे. ग्रंथावर, नाटकावर, चित्रावर केलेली टीका ही ग्रंथकाराची, नाटककाराची वा चित्रकाराची बदनामी ठरते काय, हा प्रश्न तेथील न्यायालयांपुढे अठराव्या शतकाच्या अखेरीपासून पुनःपुन्हा आला. त्याला उत्तर देताना बदनामीच्या कायद्यात जो बचाव घडत गेला, त्याला तेथे ‘फेअर कॉमेंट’ म्हणतात. मराठीत त्यासाठी ‘उचित भाष्य’ ही संज्ञा वापरता येईल.

या बचावाचे स्वरूप थोडक्यात असे सांगता येईल. बदनामीकारक विधान खरे आहे असे सिद्ध केले तर प्रतिवादी सुटतो. हा सत्यतेचा बचाव. संसदेतील भाषणासारख्या विशिष्ट प्रसंगी केलेल्या विधानाला संरक्षण मिळते. हा विशेषाधिकाराचा बचाव. उचित भाष्याचा बचाव या दोहोंहून वेगळा आहे. येथे प्रतिवादी म्हणतो की, आपले विधान वस्तुस्थिती सांगणारे नाही, ते वस्तुस्थितीवरचे मत आहे. विषय सार्वजनिक हिताचा आहे. मतामागील वस्तुस्थिती खरी आहे. आणि मत प्रामाणिक आहे. एवढे सिद्ध झाले की मत बरोबर की चूक, हे न्यायालय पाहत नाही.

समीक्षेच्या अभ्यासकाने येथे थबकायला हवे. ग्रंथाविषयीचे विधान केव्हा वस्तुस्थिती सांगते आणि केव्हा मत मांडते? कृतीवरील टीका केव्हा कर्त्यावरील टीका होते? संहितेचा अर्थ संहितेतच शोधायचा की तिच्या संदर्भात? विसाव्या शतकातील साहित्यसिद्धान्ताने ज्या प्रश्नांना मध्यवर्ती मानले, तेच प्रश्न इंग्लंडमधील न्यायाधीशांना आणि ज्युरींना निव्वळ व्यावहारिक गरजेपोटी सोडवावे लागले. त्यांनी दिलेल्या उत्तरांतून समीक्षेचे स्वातंत्र्य विस्तारत गेले, यात शंका नाही. मात्र हे स्वातंत्र्य कोणत्या भूमिकेवरून दिले गेले, ती भूमिका दोन शतकांत कशी पालटली आणि त्या पालटात समीक्षेने काय गमावले, हे क्वचितच विचारले जाते.

२

या बचावाचा प्रारंभ नाट्य-संगीताच्या आणि ग्रंथांच्या परीक्षणांतून झाला, ही गोष्ट मुळातच बोलकी आहे. १७९३ मधील डिब्डिन विरुद्ध स्वान या खटल्यात चार्ल्स डिब्डिन या गायक-रचनाकाराच्या सार्वजनिक कार्यक्रमावर वृत्तपत्राने केलेली टीका प्रश्नास कारण झाली. सार्वजनिक मनोरंजनावर संपादकाने निर्मळपणे टीका करण्यास हरकत नाही, परंतु ती आकसाने केलेली नसावी, असे तत्त्व लॉर्ड केनियन यांनी मांडले. या तत्त्वाला खरा आकार मात्र १८०८ मधील कार विरुद्ध हूड या खटल्याने दिला.

सर जॉन कार हे त्या काळचे लोकप्रिय प्रवासवर्णनकार होते. फ्रान्स, उत्तर युरोप, आयर्लंड, हॉलंड अशा प्रवासांवर त्यांनी जाडजूड ग्रंथ लिहिले. १८०७ मध्ये एडवर्ड ड्यूबॉइस याने त्यांच्या लेखनशैलीचे विडंबन करणारे एक लहानसे पुस्तक निनावी प्रसिद्ध केले. ग्रंथांच्या ओझ्याखाली वाकलेले सरदार आयर्लंडचा निरोप घेत आहेत, असे एक व्यंगचित्रही त्यात होते. या विडंबनामुळे आपल्या पुढील ग्रंथाचा व्यवहार मोडला अशी तक्रार करून कार यांनी प्रकाशकांवर दावा लावला.

लॉर्ड एलेनबरो यांनी ज्युरीला जे मार्गदर्शन केले त्याचा सारांश असा : जो ग्रंथ प्रसिद्ध करतो तो स्वतःला जनतेच्या निर्णयाच्या स्वाधीन करतो. त्याच्या चुका आणि हास्यास्पदता उघड्या करण्यासाठी दुसरा लेखक उपहासाचे कितीही तीक्ष्ण शस्त्र वापरू शकतो. त्यामुळे ग्रंथकाराचे नुकसान झाले तरी ते कायद्याच्या दृष्टीने अन्यायाविना झालेले नुकसान होय. परंतु ग्रंथकर्तृत्वाशी ज्याचा संबंध नाही अशा खाजगी चारित्र्यावर टीकाकार घसरला, तर तो बदनामीकार ठरतो. ज्युरीने प्रकाशकांच्या बाजूने निर्णय दिला.

एलेनबरो यांनी दिलेला दृष्टान्त अधिक लक्षणीय आहे. लॉकने सर रॉबर्ट फिल्मरच्या राजसत्तावादी विचारांचे खंडन केल्यानंतर फिल्मरचे ग्रंथ कोण विकत घेईल? म्हणून मानवजातीला ज्ञान देण्यासाठी झटणाऱ्या त्या तत्त्वचिंतकावर फिल्मरने दावा लावावा काय? दृष्टान्तात इतिहासाची थोडी गल्लत आहे. फिल्मर १६५३ मध्येच वारला होता आणि लॉकचे खंडन १६८९ मध्ये प्रसिद्ध झाले. दावा लावायला फिल्मर उरलाच नव्हता. पण या गल्लतीपेक्षा दृष्टान्तामागील गृहीतक महत्त्वाचे आहे. टीकाकाराला स्वातंत्र्य का द्यायचे? तो खोट्याचे खंडन करून जनतेचे डोळे उघडतो म्हणून. एका विडंबनकाराच्या बचावासाठी लॉकचे नाव घेतले जाते, यावरून समीक्षा ही ज्ञानाचीच एक शाखा आहे आणि तिच्यात सत्य-असत्याचा निवाडा होतो, अशी त्या न्यायाधीशाची धारणा दिसते. ‘एडिनबर्ग रिव्ह्यू’ १८०२ मध्ये सुरू झाला होता आणि ‘क्वार्टर्ली रिव्ह्यू’ १८०९ मध्ये सुरू व्हायचा होता. परीक्षणाच्या सामाजिक सत्तेचा उदयकाळ आणि तिच्या कायदेशीर संरक्षणाचा उदयकाळ एकच असावा, हा केवळ योगायोग म्हणता येणार नाही.

३

एलेनबरो यांनी कृती आणि व्यक्ती यांच्यात जी रेषा आखली, ती दिसायला सोपी होती. प्रत्यक्षात कृतीविषयी बोलताना कर्त्याचा हेतू वगळणे किती अवघड आहे, हे १८६३ मधील कॅम्बेल विरुद्ध स्पॉटिसवुड या खटल्याने दाखवले. चीनमध्ये ख्रिस्ती धर्माचा प्रसार व्हावा म्हणून एका धार्मिक वृत्तपत्राच्या संपादकाने वर्गणीची योजना पुढे आणली. हा सारा खटाटोप वृत्तपत्राचा खप वाढवण्यासाठी आहे, अशी टीका ‘सॅटर्डे रिव्ह्यू’ने केली. आपण लिहितो ते खरे आहे असे टीकाकाराला मनापासून वाटत होते, हे ज्युरीने मान्य केले. तरीही तो दोषी ठरला. सार्वजनिक कार्यावर कितीही कठोर टीका करावी. परंतु हीन हेतूचा आरोप करायचा तर केवळ प्रामाणिक विश्वास पुरेसा नाही, असे न्यायाधीशांनी ठरवले. टीकेचा हा हक्क वृत्तपत्रांना मिळालेली खास सवलत नसून सर्व प्रजाजनांचा समान हक्क आहे, हेही याच खटल्यात स्पष्ट झाले. समीक्षकाची पत्करलेली अधिकारवाणी त्यामुळे कायद्यापुरती निकालात निघाली. समीक्षक आणि सामान्य वाचक एका पातळीवर आले.

याच सुमारास इंग्रजी कायद्यातील हा विचार हिंदुस्थानात संहिताबद्ध होऊन आला. १८६० च्या भारतीय दंडसंहितेच्या कलम ४९९ मध्ये बदनामीची व्याख्या आणि तिचे दहा अपवाद दिले होते. त्यांतील सहावा अपवाद लोकांच्या निर्णयासाठी पुढे ठेवलेल्या कृतीच्या गुणदोषांविषयीच्या सद्भावपूर्वक मताला संरक्षण देतो. कर्त्याच्या चारित्र्याविषयीचे मतही त्यात बसते, पण ते चारित्र्य त्या कृतीत जेवढे प्रकट झाले असेल तेवढ्यापुरतेच. या अपवादाला जोडलेले उदाहरण साहित्यसिद्धान्ताच्या दृष्टीने विलक्षण आहे. ग्रंथ मूर्खपणाचा आहे, म्हणून ग्रंथकार दुर्बळ बुद्धीचा असला पाहिजे. ग्रंथ असभ्य आहे, म्हणून ग्रंथकाराचे मन मलिन असले पाहिजे, असे म्हणणारा अपवादात बसतो. ग्रंथकार मुळात दुर्बळ बुद्धीचा आणि स्वैराचारी आहे, म्हणून त्याचा ग्रंथ असा आहे यात नवल नाही, असे म्हणणारा मात्र अपवादाबाहेर जातो. कृतीकडून कर्त्याकडे जाणारे अनुमान कायद्याला मान्य आहे. कर्त्याकडून कृतीकडे येणारे अमान्य आहे.

विमसॅट आणि बिअर्डस्ली यांनी हेतुविषयक हेत्वाभासाची चर्चा १९४६ मध्ये केली. त्याच्या ८६ वर्षे आधी मुंबई-पुण्याच्या फौजदारी न्यायालयांसाठी लिहिलेल्या एका संहितेत चरित्रात्मक समीक्षेविरुद्धचा निषेध उदाहरणासह नोंदवलेला होता. अर्थात दोहोंची कारणे वेगळी आहेत. नवसमीक्षकांना कृतीची स्वायत्तता जपायची होती. दंडसंहितेला व्यक्तीची अब्रू जपायची होती. पण अब्रू जपण्यासाठीही कृती ही कर्त्यापासून वेगळी वाचता येते, असे गृहीत धरावे लागले. १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ मध्येही हा अपवाद कायम आहे.

४

ज्ञानाच्या नावाने दिलेले समीक्षेचे स्वातंत्र्य प्रत्यक्ष कसोटीला लागले ते १८७८ मधील व्हिसलर विरुद्ध रस्किन या खटल्यात. ग्रॉव्हनर गॅलरीच्या १८७७ मधील पहिल्या प्रदर्शनात जेम्स व्हिसलरने काळ्या-सोनेरी रंगांतील रात्रीचे एक चित्र मांडले होते. आकाशातून झरणाऱ्या शोभेच्या दारूच्या ठिणग्या हा त्याचा विषय होता आणि किंमत दोनशे गिनी. जॉन रस्किनने आपल्या ‘फोर्स क्लॅविजेरा’ या पत्रमालेत त्या किमतीवर आणि त्या चित्रणावर इतक्या कडवट शब्दांत आघात केला की, हे चित्र म्हणजे जाणूनबुजून केलेली फसवणूक आहे असाच त्याचा अर्थ निघत होता. व्हिसलरने एक हजार पौंडांचा दावा लावला.

खटला नोव्हेंबरात दोन दिवस चालला. रस्किन आजारी असल्याने हजर नव्हता. चित्राला किती वेळ लागला, या उलटतपासणीतील प्रश्नाला व्हिसलरने दोन दिवस असे उत्तर दिले. दोन दिवसांच्या कामाचे एवढे मोल का, असे पुढे विचारले गेले. तेव्हा मोल आयुष्यभराच्या ज्ञानाचे आहे, असे तो म्हणाला. बर्न-जोन्ससारखा प्रतिष्ठित चित्रकार रस्किनच्या बाजूने साक्षीला आला. चित्राची ‘पूर्णता’ म्हणजे काय हे ज्युरीला कळावे म्हणून टिशनचे मानलेले एक व्यक्तिचित्र न्यायालयात आणून दाखवण्यात आले. सोळाव्या शतकातील व्हेनिसच्या मापाने एकोणिसाव्या शतकातील लंडनचे चित्र मोजले जात होते.

ज्युरीने व्हिसलरच्या बाजूने निर्णय दिला, पण भरपाई ठरवली एक फार्दिंग, म्हणजे पेनीचा चतुर्थांश. खर्च ज्याचा त्याने सोसायचा होता. पुढील वर्षी व्हिसलरचे दिवाळे निघाले. रस्किनचा खर्च चाहत्यांच्या वर्गणीतून भागला, परंतु आपल्या निर्णयावर कायदा जेथे दंड बसवतो त्या पदावर राहण्यात अर्थ नाही, अशा भावनेने त्याने ऑक्सफर्डचे स्लेड प्राध्यापकपद सोडले.

हा निकाल कोणालाच मान्य होण्यासारखा नव्हता. म्हणूनच तो अर्थपूर्ण आहे. समीक्षक सत्य सांगतो म्हणून त्याला स्वातंत्र्य, असे म्हटले की सत्य कोणते, हे कोणीतरी ठरवावे लागते. चित्राच्या बाबतीत ते ज्युरीतील व्यवहारी नागरिकांनी ठरवायचे होते. कलावंताचे काम कलावंतालाच कळते, असे व्हिसलरचे मत होते आणि खटल्यानंतर लगेच काढलेल्या पुस्तिकेत त्याने समीक्षकाचा व्यवसायच निरर्थक ठरवला. कलेची नैतिक पारख हे समीक्षकाचे कर्तव्य आहे, असे रस्किन मानत होता. दोघांचेही दावे ज्ञानाचे होते. या दोन ज्ञानांमध्ये निवड करण्याचे साधन कायद्याजवळ नव्हते आणि एका फार्दिंगच्या नाण्याने ज्युरीने तेच कबूल केले.

५

यानंतरच्या निर्णयांत कायद्याने या अडचणीतून वाट काढली. ती वाट म्हणजे सत्याच्या प्रश्नापासून माघार. १८८७ मधील मेरिव्हेल विरुद्ध कार्सन या खटल्यात हर्मन मेरिव्हेल आणि त्यांच्या पत्नीने लिहिलेल्या एका नाटकाचे परीक्षण वादाचा विषय झाले. लॉर्ड एशर यांनी जी कसोटी सांगितली ती अशी : ज्युरीला हे मत पटते की नाही, हा प्रश्न नाही, कितीही अतिशयोक्त वा हेकट मतांचा, पण प्रामाणिक असा एखादा माणूस या कृतीविषयी असे म्हणू शकेल काय, एवढेच पाहायचे. ‘उचित’ या शब्दातील औचित्य येथे बरेचसे विरघळले. १९०३ मधील मॅक्वायर विरुद्ध वेस्टर्न मॉर्निंग न्यूज या खटल्यात हीच दिशा पुढे गेली. ज्युरीने नाटककाराला भरपाई दिली होती, पण अपील न्यायालयाने ती रद्द केली. परीक्षण ज्युरीच्या अभिरुचीला अनुचित वाटले म्हणून ते समीक्षेच्या मर्यादेबाहेर जात नाही, असे कॉलिन्स यांनी स्पष्ट केले.

मेरिव्हेलच्या खटल्यात मात्र परीक्षक हरला, आणि का हरला हे पाहिले पाहिजे. नाटकात व्यभिचाराचा विषय आहे असा ग्रह त्याच्या लेखनातून होत होता. नाटकात व्यभिचार नाहीच, असे लेखकांचे म्हणणे होते. जे कृतीत नाही ते आहे असे सांगणे हे भाष्य नव्हे, ते कृतीचे चुकीचे वर्णन होय, अशी भूमिका न्यायाधीश बोवेन यांनी घेतली. भाष्य मुक्त; वर्णनाला मात्र सत्याचे बंधन. ही विभागणी वरवर निर्दोष वाटते. पण नाटकात व्यभिचार ‘आहे’ हे कोठून कळते? रंगभूमीवरील सूचनांतून, मौनांतून, पात्रांच्या हालचालींतून. एका प्रेक्षकाला जे सूचित वाटते ते दुसऱ्याला वाटत नाही. वर्णनातच अन्वयार्थ दडलेला असतो, हे ध्वनिविचाराच्या परंपरेत वाढलेल्या वाचकाला वेगळे सांगायला नको. बोवेन यांच्या दृष्टीने वाच्यार्थच वस्तुस्थिती होता; व्यंग्यार्थ हाती धरणारा परीक्षक साक्षीदार म्हणून अविश्वसनीय ठरला.

या भूमिकेचे उत्तर १२० वर्षांनी मिळाले. कीथ बर्स्टीन यांची ‘मॅनिफेस्ट डेस्टिनी’ ही संगीतिका २००५ मध्ये एडिनबर्गच्या महोत्सवात सादर झाली. आत्मघातकी हल्लेखोरांमध्ये काही वीरत्व असल्याची कल्पना आपल्याला रुचली नाही, अशा आशयाचे परीक्षण लंडनच्या ‘ईव्हनिंग स्टँडर्ड’मध्ये आले. आपण दहशतवादाला सहानुभूती दाखवतो असा याचा अर्थ होतो, म्हणून संगीतकाराने दावा लावला. बोवेन यांची फूटपट्टी लावली असती तर संगीतिकेत असे वीरत्व ‘आहे’ की नाही, हे पाहावे लागले असते. अपील न्यायालयाने २००७ मध्ये हा दावा ज्युरीपुढे जाऊच दिला नाही. परीक्षकाने कृतीतून काढलेला अर्थ हेच भाष्य आहे, असे त्याने मानले. ज्याला मेरिव्हेलच्या काळी वर्णन म्हटले गेले, ते आता वाचन ठरले, आणि वाचन मताच्या प्रांतात गेले.

६

प्रामाणिकपणाला मध्यवर्ती स्थान मिळाल्यावर लक्ष संहितेवरून लिहिणाऱ्याच्या मनाकडे वळणे क्रमप्राप्त होते. १९०६ मधील टॉमस विरुद्ध ब्रॅडबरी, ॲग्न्यू या खटल्यात ‘पंच’मधील एका ग्रंथपरीक्षणावर दावा होता. परीक्षणाचे शब्द संरक्षणाच्या मर्यादेत बसले असते, तरी परीक्षकाच्या मनात ग्रंथकाराविषयी आकस होता हे दाखवता येते आणि आकस सिद्ध झाला की संरक्षण नाहीसे होते, असे ठरले. साक्षीच्या वेळी परीक्षक कसा वागला, हेही आकसाचा पुरावा म्हणून धरले गेले. ग्रंथकाराच्या चारित्र्यावरून ग्रंथाचा अर्थ लावू नये असे सांगणारा कायदा समीक्षकाच्या चारित्र्यावरून समीक्षेचा अर्थ लावू लागला. साहित्यकृतीपुरता कर्ता बाजूला झाला होता. समीक्षेत तो पुन्हा आला.

१९५० मध्ये या नाट्यात भूमिकांची अदलाबदल झाली. ॲर्नॉट रॉबर्टसन या लेखिका बीबीसीवर चित्रपटांचे परीक्षण करीत. त्यांना सामान्य प्रेक्षकांची अभिरुची कळत नाही, तेव्हा त्यांना आपल्या चित्रपटांवर बोलू देऊ नये, असे मेट्रो-गोल्डविन-मेयर या चित्रसंस्थेने बीबीसीला कळवले. या वेळी बदनामीचा दावा समीक्षिकेने लावला आणि हाउस ऑफ लॉर्ड्‌समध्ये ती हरली. निर्णय मुख्यतः विशेषाधिकाराच्या मुद्द्यावर झाला. पण लॉर्ड पोर्टर यांनी जाता जाता ‘उचित’ या शब्दाऐवजी ‘प्रामाणिक’ हा शब्द पसंत केला. उचित म्हटले की विवेकाची अपेक्षा ध्वनित होते, ती नको होती. १९५८ मधील एका खटल्यात न्यायाधीश डिप्लॉक यांनी तर वेडगळ आणि भारलेल्या माणसालाही आपले प्रामाणिक मत बोलून दाखवण्याचा तेवढाच हक्क आहे, असे ज्युरीला सांगितले.

मताचा आधार संहितेत किती दिसला पाहिजे, हा उरलेला प्रश्न. १९५० मध्ये ‘ट्रिब्यून’मधील लेखात मायकेल फूट यांनी एका दुसऱ्याच वृत्तपत्राच्या वर्तनावर टीका केली आणि शीर्षकात ते केम्सलीपेक्षाही खाली गेल्याचे सुचवले. वृत्तपत्रमालक लॉर्ड केम्सली यांच्याविषयी लेखात अन्यत्र अवाक्षरही नव्हते. १९५२ मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्‌सने फूट यांना बचाव मांडण्याची मुभा दिली. केम्सली यांची वृत्तपत्रे जनतेसमोर होतीच. जशी रंगभूमीवरील नाटकाची संहिता परीक्षणात छापावी लागत नाही, तसेच हे. नुसता निर्देश पुरेसा आहे. शीर्षकातील एका नावाला वाचकांच्या सामायिक ज्ञानाचा संदर्भ जोडून वाचण्याची ही रीत उदार होती.

पण १९९१ मध्ये तेल्निकॉफ विरुद्ध मॅटुसेविच या खटल्यात तेच सभागृह उलट वाटेने गेले. बीबीसीच्या रशियन विभागातील नेमणुकांवर तेल्निकॉफ यांनी १९८४ मध्ये ‘डेली टेलिग्राफ’मध्ये लेख लिहिला, त्याला उत्तर म्हणून मॅटुसेविच यांचे पत्र त्याच दैनिकात छापून आले. पत्रातील विधाने मूळ लेखावरचे भाष्य आहेत की स्वतंत्र आरोप, हे ठरवताना मूळ लेख विचारात घ्यायचा काय? बहुमताने उत्तर नकारार्थी आले. पत्र वाचणाऱ्या अनेकांनी लेख वाचला नसेल, म्हणून पत्राचा अर्थ पत्रातूनच काढायचा. लॉर्ड ॲकनर यांनी असहमती नोंदवली. ज्या काळात आंतरसंहितात्मकतेची चर्चा विद्यापीठांत सर्वमान्य झाली होती, त्याच काळात इंग्लंडच्या सर्वोच्च न्यायपीठाने एका वादप्रतिवादातील प्रत्युत्तराला त्याच्या प्रश्नापासून तोडून वाचले. त्याची किंमत काल्पनिक नव्हती : १९९२ मधील फेरसुनावणीत ज्युरीने तेल्निकॉफ यांना २,४०,००० पौंड भरपाई दिली.

७

अलीकडच्या काळात या साऱ्याचा शेवट एका नव्या नावात झाला. त्याआधीचा सर्वांत गाजलेला खटला साहित्याचा नव्हता, विज्ञानाचा होता. सायमन सिंग यांनी २००८ मध्ये ‘गार्डियन’मध्ये लिहिले की, कायरोप्रॅक्टिक म्हणजे मणक्यावरील उपचारांनी लहान मुलांचे काही आजार बरे होतात, या दाव्याला पुरावा नाही. संबंधित संघटनेने दावा लावला. प्रथम न्यायालयाने हे वस्तुस्थितीचे विधान मानले. म्हणजे सिंग यांना ते सिद्ध करावे लागले असते. अपील न्यायालयाने १ एप्रिल २०१० रोजी हा निर्णय फिरवला. पुरावा आहे की नाही, याचे मूल्यमापन हे मत होय. वैज्ञानिक वादांचा निवाडा न्यायालयांनी करू नये, अशी त्याची भूमिका होती. वैज्ञानिकांनी या निकालाचे स्वागत केले. तरीही त्यातील व्याजोक्ती नजरेआड करता येत नाही. पुरावा नाही असे सांगणाऱ्याला आपण सत्य सांगतो असा विश्वास होता. त्याला मुक्त करण्यासाठी त्याचे विधान मताच्या कोटीत ढकलावे लागले.

त्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयाने स्पिलर विरुद्ध जोसेफ या खटल्यात बचावाचे नाव ‘प्रामाणिक भाष्य’ असे केले. २०१३ च्या बदनामी कायद्याने जुना बचाव रद्द करून त्या जागी ‘प्रामाणिक मत’ हा बचाव आणला. तो इंग्लंड आणि वेल्समध्ये १ जानेवारी २०१४ पासून अमलात आला. त्यातून ‘उचित’ गेले, ‘भाष्य’ गेले आणि विषय सार्वजनिक हिताचा असावा ही अटही गेली. याच कायद्याच्या सहाव्या कलमाने तज्ज्ञांकडून तपासून घेतलेल्या विद्वत्‌पत्रिकांतील लेखनाला वेगळा विशेषाधिकार दिला. ज्ञान एका कलमात आणि मत दुसऱ्या कलमात, अशी वाटणी झाली. नियतकालिकातील समीक्षा दुसऱ्या वाट्याला आली.

एलेनबरो ते २०१३ हा प्रवास एकत्र पाहिला तर स्वातंत्र्याचे क्षेत्र सतत विस्तारले आहे आणि त्याचे समर्थन सतत आक्रसले आहे. १८०८ मध्ये समीक्षक मुक्त होता कारण तो लॉकसारखा अज्ञान दूर करणारा मानला गेला. आज तो मुक्त आहे कारण एखाद्या प्रामाणिक माणसाचे असे मत असू शकते. पहिल्या भूमिकेत समीक्षा चुकू शकत होती, म्हणूनच ती बरोबरही असू शकत होती. दुसऱ्या भूमिकेत तिला चुकण्याची मुभा इतकी पूर्ण आहे की बरोबर असण्याला कायद्याच्या लेखी काही अर्थ उरत नाही. अर्थाचे अनेकत्व मांडणाऱ्या विसाव्या शतकातील साहित्यसिद्धान्ताने नेमके हेच केले, असा आक्षेप त्यावर घेतला जातो. न्यायालये रोलाँ बार्थ न वाचताच तेथे पोहोचली.

तथापि एक बंधन उरले आहे आणि ते समीक्षेच्या दृष्टीने मोलाचे आहे. २०१३ च्या कायद्यानुसार मत मांडणाऱ्याने आपल्या मताचा आधार, ढोबळपणे का होईना, दाखवला पाहिजे आणि तो आधार त्या वेळी अस्तित्वात असला पाहिजे. २०११ मधील थॉर्नटन विरुद्ध टेलिग्राफ या खटल्यात हे दिसले. कलाजगतावरील एका ग्रंथाच्या परीक्षणात ग्रंथाची कितीही निर्भर्त्सना चालली असती. पण ग्रंथलेखिकेने आपली मुलाखत घेतलीच नव्हती, असे परीक्षणकर्तीने सांगितले आणि मुलाखत झाली होती हे सिद्ध झाले. वृत्तपत्राला ६५,००० पौंड भरपाई द्यावी लागली. मताला मोकळीक होती, मताखालच्या जमिनीला नव्हती.

समीक्षेने गमावलेले सत्य तिला न्यायालयाकडून परत मिळणार नाही. ते मागण्याची ती जागाही नव्हे. एका फार्दिंगच्या निकालाने हे १८७८ मध्येच सांगितले होते. कायदा समीक्षकाला एवढेच विचारतो की, तुझे मत खरोखर तुझे आहे काय आणि ते कशावर उभे आहे? त्या आधारावरून त्या मतापर्यंत जाता येते काय, त्या वाटेत कृतीचे वाचन काटेकोर आहे काय, दुसऱ्या वाचकाला ती वाट पटवून देता येते काय, हे प्रश्न कायद्याने सोडून दिले आहेत. ते विचारणारे दुसरे न्यायालय नाही. समीक्षेलाच ते स्वतःला विचारावे लागतात, आणि ते विचारले जात नाहीत तेथे तिच्याजवळ उरते ते केवळ प्रामाणिक मत.